कलम सातचं श्निबल

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गेल्या एकोणीस वर्षांत मी लिहिलेल्या इतिवृत्तात एकही दुरुस्ती झालेली नाही. इतिवृत्त म्हणजे मीटिंगमध्ये कोण काय बोललं, काय ठरलं आणि ते कुणी कधीपर्यंत करायचं याची नोंद. दर मीटिंगच्या सुरुवातीला साहेब विचारतात, "मागच्या इतिवृत्तात कुणाची काही दुरुस्ती?" आणि मग चार सेकंद जी शांतता पसरते ती माझी कमाई. बायको म्हणते, कुणी वाचतच नसतील. घरच्या माणसांना आपली किंमत नसते, हे काही नवीन नाही.

आमची कंपनी झाकणं बनवते. बाटल्यांची. जगात बाटली कुणाचीही असो, झाकण बहुधा आमचं असतं. चार देशांत चार ऑफिसं आहेत आणि दर गुरुवारी दुपारी चारही ऑफिसं पडद्यावर भेटतात. दुसऱ्या ऑफिसांची अधिकृत नावं लांबलचक आहेत, त्यामुळे आम्ही आपली सोपी नावं ठेवली आहेत. एक थंड ऑफिस, कारण तिथे सगळे बारा महिने स्वेटर घालून बसतात. एक पंख्याचं ऑफिस, कारण त्यांच्या डोक्यावर एक पंखा करकरत असतो. आणि एक कुत्र्याचं ऑफिस, कारण तिथल्या खिडकीखाली एक कुत्रं आहे आणि मीटिंगमध्ये सर्वांत जास्त तेच बोलतं. त्याचं बोलणं मी इतिवृत्तात घेत नाही. तेवढा अधिकार मला आहे.

आता, ज्या वेळची ही हकीकत आहे त्या वेळी माझ्या पोटावर पाय यायची वेळ आली होती. या चारही ऑफिसांच्या वरच्या मुख्य ऑफिसने एक यंत्र आणलं होतं. यंत्र म्हणजे दिसायला काहीच नाही, पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. तो ठिपका मीटिंग ऐकतो आणि आपोआप इतिवृत्त लिहितो. काही आठवडे त्याने आणि मी, दोघांनी लिहायचं; मग तिथले बडे साहेब स्वतः एका मीटिंगला बसणार आणि कुणाला ठेवायचं ते ठरवणार. मी मुळीच घाबरलो नाही. एकोणीस वर्षांच्या अनुभवापुढे हिरव्या ठिपक्याचं काय चालणार? फक्त त्या आठवड्यात मी दोन नवी पेनं घेतली, एवढंच.

त्या गुरुवारी कलम सात होतं फिक्या निळ्या झाकणांचं. पूर्वी कधीतरी चारही ऑफिसांत निळा रंग जरा फिका पडला होता आणि ती झाकणं प्रत्येकाच्या गोदामात पोत्यांत भरून पडली होती. त्यांचं काय करायचं यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी थंड ऑफिसच्या दर्जा तपासणाऱ्या बाई, ज्यांना आम्ही आपसांत दर्जाबाई म्हणतो, त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "चला, श्निबल करून टाकू या." मग एकदा सगळ्यांकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "श्निबल."

शब्द मी स्वच्छ ऐकला. शिंक यावी आणि अर्ध्यात राहावी तसा तो शब्द होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंख्याच्या ऑफिसने "उत्तम कल्पना" म्हटलं. कुत्र्याच्या ऑफिसने अंगठा दाखवला. आमचे साहेब तर "मी हेच सुचवणार होतो" म्हणाले. अशा वेळी एका इतिवृत्त लिहिणाऱ्याने हात वर करून "म्हणजे काय?" असं विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लिहिलं: "कलम ७. फिक्या निळ्या झाकणांचे श्निबल करणे."

माझ्या इतिवृत्तात तीन रकाने असतात. काय करायचं, कुणी करायचं आणि कधीपर्यंत. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही हा माझा नियम आहे, कारण रिकामा रकाना बघितला की मला दार उघडं टाकून आल्यासारखं होतं. तेव्हा "कुणी"मध्ये लिहिलं, सर्व कार्यालये. "कधीपर्यंत"मध्ये लिहिलं, तीन आठवडे. आणि खाली माझं नेहमीचं वाक्य, ज्यावर माझं प्रत्येक इतिवृत्त संपतं: "यथोचित कार्यवाही व्हावी." ते इंग्रजीत लिहावं लागतं, पण ऐट तीच.

यंत्राचं इतिवृत्त आलं. त्यात कलम सातपुढे लिहिलं होतं: "शब्द समजला नाही." मी ते छापून घेतलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"बघा साहेब. हे म्हणे आमच्या जागी येणार!"

साहेब हसले. मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही मात्र लिहिलंय ना सगळं?"

"अगदी व्यवस्थित."

"मग झालं तर. लागा कामाला," असं म्हणून त्यांनी इतक्या घाईने दुसरा कागद उचलला की मला शंका यायला हवी होती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मग त्या बाईंनाच विचारा ना, म्हणजे काय म्हणून."

बायकांना राजकारण कळत नाही. एक तर दर्जाबाई दुसऱ्याच दिवशी तीन आठवड्यांच्या रजेवर डोंगर चढायला गेल्या होत्या, फोन घरी ठेवून. दुसरं म्हणजे, समजा विचारलं असतं. "तुम्हाला माहीत नाही?" असं त्यांनी विचारलं असतं तर? आणि ते यंत्राने ऐकलं असतं तर?

"असं कुणाला थेट विचारायचं नसतं," मी म्हणालो. "त्याला एक पद्धत असते."

पद्धत म्हणजे मी समोरच्या दारातल्या सरांकडे गेलो. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि निवृत्तीनंतरही प्रश्नाचं उत्तर आलं नाही असं त्यांच्या बाबतीत कधी झालेलं नाही. त्यांनी तीन जाड शब्दकोश काढले. तिन्हींत शब्द नव्हता. त्यामुळे सरांचा उत्साह दुणावला. "कोशात नाही म्हणजे फार जुना असला पाहिजे," ते म्हणाले. "याच्या मुळाशी मोजणीचा अर्थ दिसतो. लिहून घे. श्निबल म्हणजे एकेक करून मोजणे." मी लिहून घेतलं. सरांसमोर न लिहिणं कुणालाच जमत नाही.

खाली आमच्याच इमारतीत औषधांचं दुकान आहे. दुकानवाले काका डॉक्टरांचं अक्षर वाचतात, म्हणजे त्यांना जगातलं काहीही वाचता यावं असा माझा समज. काकांनी कागदावरचा शब्द उजेडात धरला, चष्मा वर-खाली केला आणि निकाल दिला. "जुना माल आणि नवा माल वेगळा करणे. आमच्यात रोज चालतं हे. एक्स्पायरीचं वेगळं, चालू वेगळं." त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मी खोकल्याची गोळी नको असताना घेऊन आलो.

रविवारी मेव्हणा आला. मेव्हण्याने एका ट्रेनिंगसाठी अकरा दिवस परदेशात काढले आहेत आणि त्या अकरा दिवसांवर तो गेली नऊ वर्षं बोलतो आहे. शब्द ऐकताच तो पोट धरून हसला. "श्निबल? अहो, तिकडे पोरंटोरं बोलतात! धुणे. स्वच्छ धुऊन काढणे. आमची हॉटेलवाली रोज म्हणायची."

"नक्की?"

"दाजी, मी तिकडे राहिलोय."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिघांचे तीन अर्थ झाले. आता बाई परत आल्या की विचारा." मी दुर्लक्ष केलं. तीन जाणकारांचं मत हाताशी असताना बाईंची गरजच काय होती?

माझा बेत साधा होता. अर्थ मनात ठेवून गप्प बसायचं, तीन आठवडे उलटले की कलम आपोआप जुनं होतं आणि जुन्या कलमाला कुणी हात लावत नाही. पण पुढच्या गुरुवारी साहेबांनी मागच्या कलमांचा आढावा घेतला आणि पंख्याच्या ऑफिसने पंख्याच्या करकरीवर आवाज चढवून सांगितलं, "कलम सात. आमचं श्निबल तीस टक्के पूर्ण."

मी थक्क झालो. म्हणजे तिकडे खरंच काहीतरी चाललं होतं! लगेच कुत्र्याच्या ऑफिसने सांगितलं, "आमचं पंचेचाळीस." साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आपलं किती?"

आत्मविश्वास हा माझा स्वभाव आहे. मी म्हणालो, "पन्नास."

आता पन्नास टक्के म्हटल्यावर काहीतरी करणं भागच होतं. मी खाली गोदामात गेलो. आमचे गोदामवाले माझ्याहून जुने, कमी बोलणारे. त्यांना सांगितलं, फिक्या निळ्या झाकणांचं श्निबल करायचं आहे.

"करायचं काय, ते सांगा," ते म्हणाले. "नाव तुम्ही काय वाट्टेल ते ठेवा."

तिघांपैकी कुणाला दुखवायचं? एकाचा अर्थ घेतला आणि नेमका दुसऱ्याचा बरोबर निघाला तर? म्हणून मी तिन्ही घेतले. झाकणं आधी मोजायची, मग फिकी आणि अति फिकी वेगळी करायची, मग धुवायची. गोदामवाल्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पोत्यांकडे एकदा बघितलं आणि बाह्या वर केल्या.

धुवायचं तर बादल्या हव्यात. बादल्यांसाठी भांडार विभागाचा अर्ज भरावा लागतो. अर्जात "कामाचा प्रकार" असा रकाना आहे आणि त्याला क्रमांक लागतो. श्निबलला क्रमांक नव्हता. भांडारातल्या बाई म्हणाल्या, "क्रमांकाशिवाय बादली नाही." नवा क्रमांक हवा तर विभागप्रमुखांची सही हवी, आणि विभागप्रमुखांना कामाचं स्वरूप समजावून सांगायला हवं. मी गेलो. "श्निबल," मी गंभीरपणे म्हणालो. "अच्छा, ते होय," विभागप्रमुख त्याहून गंभीरपणे म्हणाले आणि सही केली. अशा रीतीने आमच्या कंपनीत श्निबलला स्वतःचा क्रमांक मिळाला. मला अजून स्वतःचं कपाट मिळालेलं नाही.

क्रमांक मिळाल्यावर सुरक्षा अधिकारी जागे झाले. नवं काम म्हणजे नवा धोका. त्यांनी गोदामाच्या दारावर पाटी लावली: "श्निबल चालू आहे. सावकाश जा." मग पंख्याच्या ऑफिसचं पत्र आलं: तुम्ही सर्वांत पुढे आहात, तरी श्निबलची तुमची कार्यपद्धती पाठवावी. मी दोन पानांची पाठवली, आकृतीसह. कुत्र्याच्या ऑफिसने ती आपल्या भाषेत करून घेतली आणि आभाराचं पत्र धाडलं. खरं सांगतो, त्या दिवसांत मला फार बरं वाटत होतं. मी काहीतरी उभं केलं होतं आणि ते चार देशांत चालत होतं. हे काम त्या हिरव्या ठिपक्याला जन्मात जमलं नसतं. शब्दाचा अर्थ माहीत नाही, ही एवढीच काय ती त्रुटी होती आणि ती मी जवळजवळ विसरून गेलो होतो.

तीन आठवड्यांची मुदत संपली तो गुरुवार उजाडला. बडे साहेब पडद्यावर आले. मोठा चेहरा, छोटे डोळे. त्यांच्यापुढे दोन गठ्ठे होते, एक माझ्या इतिवृत्तांचा आणि एक यंत्राचा. थंड ऑफिसमध्ये दर्जाबाई परत आल्या होत्या, नाक उन्हाने सोललेलं. साहेबांनी गोदामवाल्यांनाही वर बोलावून माझ्या शेजारी बसवलं होतं, काम दाखवायला कुणीतरी हवं म्हणून.

"मागच्या इतिवृत्तात कुणाची काही दुरुस्ती?"

चार सेकंद शांतता. माझी.

कलम सात आलं. पंख्याचं ऑफिस नव्वद टक्के. कुत्र्याचं पंचाण्णव. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "शंभर." बड्या साहेबांनी मान हलवली. दर्जाबाई मात्र वेगळ्याच दिसत होत्या. त्या एकदा या ऑफिसकडे बघत होत्या, एकदा त्या ऑफिसकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि मिटत होत्या. त्यांच्या ऑफिसची पाळी आली तेव्हा त्या अडखळत म्हणाल्या, "मी... रजेवर होते."

"फार छान काम दिसतंय," बडे साहेब म्हणाले. "तीन आठवड्यांत एवढं होत असेल, तर मग निळीच झाकणं का? लाल आहेत, पिवळी आहेत. सगळ्या गोदामांतल्या सगळ्या जुन्या मालाचं श्निबल करून टाका. लिहून घ्या."

मी पेन उचललं. शेजारी गोदामवाल्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. दोन आठवडे पाण्यात राहून त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि टोकांना भेगा गेल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "लालसुद्धा?"

मला लाज वाटली. एकोणीस वर्षांत मीटिंगमध्ये मला कधी लाज वाटली नव्हती, म्हणून ती ओळखायलाच जरा वेळ लागला. कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकत होता. नोकरी जाणार हे दिसत होतं. मी पेन खाली ठेवलं, माईक चालू केला आणि म्हणालो, "साहेब, माझी एक दुरुस्ती आहे. माझ्याच इतिवृत्तात. श्निबल म्हणजे काय, ते मला माहीत नाही."

खिडकीखालचं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. मग पंख्याच्या ऑफिसमधून एक बारीक आवाज आला, "आम्हालाही नाही." कुत्र्याच्या ऑफिसने पाठोपाठ सांगितलं, "आम्ही तर समजत होतो, तुमच्याकडचा शब्द आहे." आमचे साहेब छताकडे बघत म्हणाले, "मी विचारणारच होतो."

सगळे दर्जाबाईंकडे बघू लागले. बाईंचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. "आमच्या गावात लहानपणी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं. म्हणजे... राहू दे. पडू दे तसंच. कशाला डोक्याला ताप. मला वाटलं, आज विषय सोडून देऊ आणि चहा घेऊ. पण परत येऊन बघते तर तुमच्याकडे त्याची कार्यपद्धती! मला वाटलं, तुमच्याकडे या शब्दाला काही मोठा अर्थ असेल. माझ्याच शब्दाचा अर्थ मी कसा विचारू?"

म्हणजे आम्ही तीन आठवडे झाकणं तशीच पडू देण्याचं काम रात्रंदिवस नेटाने करत होतो, आणि त्यात आमचं ऑफिस शंभर टक्क्यांवर होतं. मग बाकीचंही बाहेर आलं. कुत्र्याच्या ऑफिसने पोती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेली होती आणि आठवड्याने परत आणली होती. पंख्याच्या ऑफिसने काहीच केलं नव्हतं, नुसते टक्के वाढवले होते. खरं श्निबल एकट्या त्यांनीच केलं होतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

बडे साहेब हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी यंत्राचा गठ्ठा उघडला आणि एक पान वर धरलं. "यात पहिल्याच दिवशी लिहिलंय, शब्द समजला नाही. हे पान चारही ऑफिसांना गेलं होतं. कुणी वाचलं?"

मी वाचलं होतं. छापून घेऊन साहेबांना दाखवलंही होतं. मी तसं सांगितलं, कारण एकदा खरं बोलायला लागलो की मला आवरत नाही.

"यंत्राला समजलं नाही, ते त्याने लिहिलं आणि गप्प बसलं," बडे साहेब म्हणाले. "तुम्हाला समजलं नाही, ते तुम्ही लपवलं. पण शेवटी विचारलं तुम्ही. उद्यापासून लिहिण्याचं काम यंत्र करेल. तुम्ही विचारण्याचं काम करायचं. इतिवृत्तात एक चौथा रकाना घाला: न समजलेले. ज्याला जे समजलं नसेल ते त्याने तिथे लिहायचं आणि तुम्ही पुढच्या गुरुवारपर्यंत उत्तर आणायचं."

हा मान की अपमान, यावर माझा अजून निर्णय झालेला नाही. पण नोकरी राहिली होती. मी एकोणीस वर्षांतली पहिली दुरुस्ती स्वतःच्या हाताने, नव्या पेनाने लिहिली. गोदामवाल्यांना मलमाची डबी नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, उघडून वास घेतला आणि म्हणाले, "झाकण आपलंच आहे." झाकणं अजून गोदामात आहेत, मोजलेली, निवडलेली आणि लख्ख धुतलेली. फिकी मात्र तेवढीच.

पुढच्या गुरुवारी चौथा रकाना पहिल्यांदा भरून आला. मी मोठ्या ऐटीत उघडला. जगाच्या शंका फेडायला बसलेला माणूस होतो मी आता. तिन्ही ऑफिसांनी एकमेकांना न विचारता एकच प्रश्न लिहिला होता: "प्रत्येक इतिवृत्ताच्या शेवटी एकोणीस वर्षं 'यथोचित कार्यवाही व्हावी' असं लिहिलेलं असतं. म्हणजे नक्की काय करायचं? आम्हाला कधीच समजलेलं नाही."

तो कागद मी घरी आणला. सरांकडे गेलो नाही, काकांकडे गेलो नाही आणि मेव्हण्याचा फोन उचलला नाही. जेवण झाल्यावर खुर्चीत बसून बराच वेळ विचार केला. एकोणीस वर्षं मी ते वाक्य लिहीत होतो, कारण माझ्या आधीचे लिहीत होते. त्यानंतर कुणी काही केल्याचं मला एकदाही आठवेना.

बायको येऊन शेजारी बसली. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "आता सांगा तरी. म्हणजे काय ते?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि उत्तराच्या रकान्यात एकच शब्द लिहिला.

"श्निबल."